ओल्या चिखलाचा ब्रश

स्टुडिओत माझ्यामागे मला सगळे 'खवट' म्हणतात, हे मला माहीत आहे. कारण एकच. मला तयार ब्रश सहन होत नाहीत. वापरतो मी ते, पगार घ्यायचा तर वापरावेच लागतात, पण वापरताना माझं तोंड वाकडं होतं आणि ते लोकांना दिसतं.

हे काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना थोडं सांगायला हवं. कॉम्प्युटरवर चित्र काढताना हातात प्लास्टिकचं पेन असतं आणि समोर काच. ब्रश नावाची वस्तू नसतेच. एक छोटा ठसा असतो, तो पेनामागोमाग इतका भराभर उमटत जातो की रेघ ओढल्यासारखी दिसते. ठसा पानाचा असला की पेन फिरवल्याबरोबर झाड तयार. ढगाचा असला की ढग. असे ठसे लोक बनवून गठ्ठ्याने विकतात आणि आमच्यासारखे स्टुडिओ ते घेतात. कोलशेतला आमचं ऑफिस आहे. लहान मुलांच्या कार्टूनमधली मागची दृश्यं आम्ही रंगवतो. जंगल, नदी, राजवाडा, पुन्हा जंगल. एकदा घरी जाताना टॉवरच्या जाहिरातीच्या एका भल्यामोठ्या बोर्डावर मला माझाच ढग दिसला. माझा म्हणजे मी त्याच आठवड्यात एका सशाच्या डोक्यावर उमटवलेला. तोच फुगवटा, डाव्या कडेला तोच तुटका कोपरा, आणि खाली दोन व तीन बीएचके. मी इतक्या जोरात शिवी दिली की रिक्षावाल्याने वळून विचारलं, काय झालं साहेब. त्याला काय सांगणार, ढग चोरीला गेला म्हणून?

तेव्हापासून मी स्वतःच्या चित्रांसाठी स्वतःच ब्रश बनवायला लागलो. इस्त्रीने करपलेलं फडकं, जिन्यातल्या भिंतीचे पोपडे, तव्याचा तळ, जे सापडेल त्याचा फोटो काढायचा, काळापांढरा करायचा, त्यातून ठसा कापायचा. मग तो पेनाच्या दाबाबरोबर किती गडद व्हावा, दोन ठशांत किती अंतर पडावं, हे जमेपर्यंत बसायचं. एकेका ब्रशला आठ-आठ दिवस जायचे आणि ज्या चित्रासाठी तो बनवायला घेतला ते चित्र राहूनच जायचं. तेव्हा त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. उलट मला वाटायचं, बाकीचे हॉटेलातून मागवून खातात, मी घरी रांधतो.

आईला काचबिंदू आहे हे आम्हाला एका दिवाळीनंतर कळलं, तोवर तिचा डावा डोळा जवळजवळ गेलेला होता. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेने आत सरकत येते आणि माणसाला वाटतं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. आम्ही ठाकुर्लीला राहतो, डोळ्यांचं हॉस्पिटल नवी मुंबईत. शीळफाट्याला गाडी अडकली की आई खिडकीतून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवायची. अजून सगळं दिसतंय, हे मला पटावं म्हणून. त्या पाट्या तिला येऊन-जाऊन पाठ झाल्या होत्या, हे माझ्या बायकोने ओळखलं. मी नाही ओळखलं.

हॉस्पिटलात एक तपासणी असते. पेटीसारख्या यंत्रात डोकं घालून बसायचं, आत कुठेतरी प्रकाशाचा ठिपका चमकतो, तो दिसला की हातातलं बटण दाबायचं. आई अंदाजाने दाबत राहिली. मध्ये बराच वेळ गेला की दाबायची. यंत्रही तसं खुळं नसतं, त्याला कळलं. डॉक्टर हसून म्हणाल्या, "आजी, दिसलं नाही तर दाबायचं नाही. ही परीक्षा नाहीये." बाहेर आल्यावर आई मला म्हणाली, "अरे, त्या बाईला वाईट वाटलं असतं." अशी माझी आई. स्वतःला दिसत नाही याचं दुःख नंतर, समोरच्याला वाईट वाटू नये हे आधी.

डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही. उरली आहे ती थेंब घालून जितकी टिकेल तितकी टिकवायची. वर्षभर म्हणा, कमीच धरून चाला.

आई हे न सांगताच समजली होती. परतीच्या वाटेवर गाडी शीळफाट्याला अशीच उभी असताना तिने माझा हात धरला. आईचं माहेर कोलशेतच्या बाजूला खाडीकाठचं. घरात सगळे मिठागरावर मजुरी करणारे. लग्न होऊन डोंबिवलीकडे आल्याला तिला पन्नास वर्षं होत आली, माझे वडील एमआयडीसीत होते, त्यामुळे एरवी ती आमच्यासारखंच बोलते. पण माहेरचा विषय निघाला की तिची जीभ आपोआप खाडीकडे वळते.

"पोरा, तू येवढी जंगलं काढतंस," ती म्हणाली. "मना आगर येकदा काढून दाव. माझी आय घाल त्यात. तिचा फोटू नाय कुठं."

आगर म्हणजे मिठागर. आणि तिची आय, म्हणजे माझी आजी, आई अकरा वर्षांची असताना गेली. धाकटी मावशी तेव्हा पाळण्यात होती. तिला आजी आठवत नाही. आजीला पाहिलेलं बाकी कुणी आता उरलेलं नाही. म्हणजे ते चित्र बघून "हीच ती" असं म्हणू शकेल असा एकच माणूस जगात होता, आणि त्या माणसाचा एकच डोळा काम करत होता, तोही कडेने विझत होता.

हे मला कळत होतं. नव्हतं असं नाही. म्हणूनच मी ठरवलं की हे चित्र असं तसं काढायचं नाही. सशाच्या जंगलातल्या ब्रशने माझ्या आजीचा चिखल काढायचा? मी चित्राला सुरुवात न करता ब्रशला सुरुवात केली.

नवी वही आणली. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी अर्धा तास आईसमोर बसायचो आणि विचारून विचारून लिहून घ्यायचो. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, आत कसं घ्यायचे. मिठाच्या वाफ्याचा तळ सगळ्यांनी पायांनी तुडवून तुडवून कसा घट्ट करायचा. ऊन चढलं की पाण्यावर दुधावरच्या सायीसारखी मिठाची साय कशी धरायची. आई सांगायला लागली की तिचा चेहरा बदलायचा. ती मध्येच म्हणायची, "माझी आय ना, सकाली सगल्यांच्या आधी..." आणि मी तिला अडवायचो. "ते नंतर, आई. आधी चिखलाचं सांग. ओला असताना निळसर दिसायचा का करडा? भेगा कधी पडायच्या?" ती बिचारी आठवून आठवून चिखलाचं सांगायची.

वही भरत गेली. आज ती उघडायची माझी हिंमत होत नाही.

मग एका रविवारी मी खरा चिखल आणायला गेलो. आईच्या माहेरच्या जागी आता आगर नाही. बांधकामाचे पत्रे लागलेत आणि वॉचमन आत सोडत नाही. मागच्या बाजूने तिवरांतून उतरलो, गुडघ्यापर्यंत रुतलो, चप्पल तिथेच गेली, पण श्रीखंडाचा रिकामा डबा भरून आणला. मोठ्या ऐटीत तो आईपुढे ठेवला. तिने बोट बुडवलं, चोळलं, नाकाशी नेलं आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"ह्यो गटाराचा चिखल हाय. आगराच्या चिखलाला अशी घान नसं."

बायको हसून हसून बेजार झाली. मी मात्र त्यातून वेगळाच धडा घेतला. मला वाटलं, पाहा, किती बारीक फरक कळतो हिला, म्हणजे ब्रश किती अचूक व्हायला हवा. तो चिखल मी धुतला, गाळला, त्यात जाडं मीठ घातलं, काचेवर पसरून गॅलरीत वाळवला, दर तासाला फोटो काढले. दोन रविवार त्यात गेले. बायको म्हणाली, गॅलरीत आवळे वाळत घालायचे होते मला. मी म्हटलं, पुढच्या वर्षी घाल.

आमच्या धंद्यात ब्रश पारखायची एक रीत आहे. नवीन ब्रशने अख्खा कागद, म्हणजे अख्खा पडदा, या कडेपासून त्या कडेपर्यंत भरून टाकायचा. चित्र नाही, आकार नाही, नुसता ब्रश. मग शेजारच्याला बोलवायचं आणि काही न सांगता विचारायचं, काय दिसतंय? तो 'गवत' म्हणाला तर गवताचा ब्रश पास. 'केस' म्हणाला तर नापास, पुन्हा करा. उत्तर आधी सांगायचं नाही, हा कडक नियम. कारण एकदा 'हे गवत आहे' म्हटलं की भिडेखातर माणसाला गवतच दिसतं.

ऑफिसात माझ्या शेजारी कल्याणची, माझ्याच वयाची एक बाई बसते. वीस वर्षं या कामात आहे, तयार ब्रशांनी धडाधड जंगलं उभी करते आणि पाचच्या ठोक्याला निघून जाते. तिला मी चिखलाचा कागद दाखवला. ती म्हणाली, "सिमेंट." दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "हत्तीची कातडी." तिसऱ्यांदा तिने पेन खाली ठेवलं.

"अरे, आईला ब्रश देणारेस का चित्र?"

"ब्रश जमला की चित्राला दोन दिवस लागतील."

"मग आधी दोन दिवस काढ ना. साधा गोल ब्रश घे आणि बस. चिखल काय, कसाही दिसेल. आजी दिसली पाहिजे."

मला राग आला. तिला काय कळतंय, ती ढग विकत घेणारी. मी तिला ब्रश दाखवणं बंद केलं आणि ठरवलं की आता पारख आईनेच करायची. जिने तो चिखल तुडवलाय तिच्याशिवाय पास-नापास कोण करणार?

संक्रांतीच्या सुमारास मी पहिला कागद आईपुढे धरला. सकाळची वेळ होती, ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. टॅब्लेट तिच्या मांडीवर ठेवला आणि आमच्या रीतीप्रमाणे काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "बघ, काय दिसतंय?"

पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत करडा रंग होता. ओला करडा, त्यात थोडा वाळलेला करडा, मधून पांढुरक्या कडा. बाकी काही नव्हतं.

आईने टॅब्लेट उचलून उजव्या डोळ्याजवळ नेला. मान वाकडी केली. उजेडाकडे फिरवला. खूप वेळ घेतला. मग ती म्हणाली, "आगर. दुसरा काय?"

मी जवळजवळ नाचलो. सिमेंट नाही, हत्ती नाही, आगर! मी विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "म्हंजे काय? हा बांध," आणि तिने करड्यावर एका जागी बोट ठेवलं. जरा पलीकडे नेलं. "हिथं उघाडी." तिथे काहीही नव्हतं. मला वाटलं, ब्रश इतका खरा उतरलाय की त्यातून हिला बांध दिसायला लागला, उघाडी दिसायला लागली. ही माझी अक्कल. तिने पुढे विचारलं नाही, की माझी आय कुठे आहे. हे मला खटकायला हवं होतं. पण मी तेव्हा ब्रशच्या कडा बघत होतो.

"अजून थोडं काम बाकी आहे," मी म्हणालो.

"नको रं, पुरं झाला. झ्याक हाय," ती म्हणाली आणि टॅब्लेट माझ्याकडे दिला. मग पदराने डोळे पुसले. मला वाटलं, आनंदाने.

पण मी कसला ऐकतो. ओला चिखल जमला तर आता भेगांचा चिखल हवा. मग मिठाच्या सायीचा. मग तिवराच्या मुळांचा. माझ्या कॉम्प्युटरवर तेव्हाच्या फाइली अजून आहेत: 'ओला चिखल', 'ओला चिखल नवा', 'ओला चिखल शेवटचा', 'शेवटचा खरा', 'शेवटचा खरा २'. प्रत्येक नवा कागद मी आईला दाखवायचो आणि ती प्रत्येकाला म्हणायची, वा, काय काढलंस. तिचं बघणं मात्र दर वेळी कमी होत गेलं. पहिल्यांदा तिने टॅब्लेट उजेडाकडे फिरवून फिरवून पाहिला होता. पाडव्याच्या सुमाराला तर हातात घेतल्या घेतल्या, "सुंदर!" मी त्याचा अर्थ असा लावला की आता ब्रश इतका चांगला झालाय की बघावंही लागत नाही.

हे लिहिताना स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

मग भातात खडे लागायला लागले. तांदूळ निवडायचं काम आईचं. ती सकाळी ताट घेऊन बसायची, बोटं भराभर चालायची, बघणाऱ्याला वाटावं सगळं नीट चाललंय. आठवडाभर आम्ही कचकच भात चावला आणि एकमेकांना काही बोललो नाही. आईही तोच भात खात होती, तीही बोलली नाही. शेवटी बायकोने एके दिवशी तिच्यासमोरून ताट हळूच उचललं आणि आईची बोटं चटईवरचे तांदूळ निवडत राहिली.

मे महिन्यात डॉक्टरांनी यंत्र लावलंसुद्धा नाही. टॉर्च मारला, हात हलवून पाहिला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. आई म्हणाली, "थेंब आता बंद करायचे का? मेले महाग आहेत." परत येताना शीळफाट्याला गाडी उभी राहिली. तिने पाट्या वाचल्या नाहीत.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी मी चित्र काढायला बसलो. माझा एकही ब्रश मी उघडला नाही. त्या नावांकडे बघवेना. सॉफ्टवेअरबरोबर फुकट येतो तो साधा गोल ब्रश घेतला, जो शाळेतली पोरंही वापरतात. आणि चित्र आलं. अडवणूक नाही, खाडाखोड नाही. बांध, उघाडी, लांब दांड्याची फळी घेऊन मीठ ओढणाऱ्या बायका, मागे पांढऱ्या राशी, लांबवर खाडी. चिखल चार फटकाऱ्यांत झाला आणि कुणीही त्याला सिमेंट म्हटलं नसतं. साडेतीन तास लागले. माझ्या हातून आजवर झालेलं सगळ्यात चांगलं काम ते. साडेतीन तास! हे मी दिवाळीनंतरच्या कोणत्याही शनिवारी करू शकलो असतो. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो.

एक गोष्ट मात्र तेव्हाही अडली होती. आजीला मी मध्यभागी घेतलं, फळी हातात, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. चेहऱ्याशी आलो आणि पेन थांबलं. वही उघडून पाहिली. चिखलाच्या रंगाची पानंच्या पानं होती. आजीच्या चेहऱ्यावर एक ओळ नव्हती. आई सांगायला निघाली होती, मीच 'ते नंतर' म्हणालो होतो. उठून पलीकडच्या खोलीत जाऊन विचारायला दहा पावलं लागली असती. पण कुठल्या तोंडाने विचारणार? मी आजीला पाठमोरी करून टाकलं.

मावशी पुढच्या आठवड्यात आईला भेटायला आली. जाताना मी तिला लिफ्टपर्यंत सोडायला गेलो आणि तिथे फोनवर चित्र दाखवलं. तिने खूप वेळ पाहिलं.

"ही आय?" तिने विचारलं. "अशी व्हती?" ती मला विचारत होती. मग म्हणाली, "पन हा नवीन काढलास का काय? तू तर संक्रांतीलाच काढून दिलावतास ना तिला?"

"नाही. हे पहिलंच."

मावशी गोंधळली. लिफ्ट आली, तिने जाऊ दिली. "मंग ती मना तवा असा कशाला बोललीवती? फोन केला, रडली. बोलली, पोरानं चित्र आनून मांडीवर ठेवला, आन मना नुसता धुका दिसला. आय दिसली नाय, बांध दिसला नाय, काय नाय. बोलली, माझे डोले गेले गं. आन त्याला बोलू नको, येवढा जीव लावून काढलाय त्यानं, पोरगा खचंल."

मला एकदम सगळं कळलं. तिला धुकं दिसलं नव्हतं. तिला बरोबर दिसलं होतं. पडद्यावर होतं तेवढंच तिला दिसलं होतं, करडा रंग, बाकी शून्य. त्या सकाळी तिचा उजवा डोळा चांगला चालत होता. मी तिच्या मांडीवर आगर ठेवलं असतं तर तिने आगर पाहिलं असतं. पण मी ठेवला ब्रश, आणि सांगितलं नाही, कारण सांगायचं नसतं. आणि तिने त्या बिनचित्राच्या कागदावर बोट ठेवून मला बांध दाखवला, उघाडी दाखवली, मला वाईट वाटू नये म्हणून. त्या दिवसापासून ती मनाने आंधळी झाली होती. डोळे जायला अजून चार महिने होते.

मावशी गेल्यावर मी आत आलो. आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. पावलांवरून तिने मला ओळखलं.

"काय बोलली मावशी?"

"चित्र आवडलं म्हणाली."

मी तिच्या शेजारी बसलो. सांगून टाकायचं अगदी ओठावर आलं होतं. आई, ते चित्र नव्हतंच. तुझा डोळा तेव्हा ठीक होता. पण हे सांगितलं तर पुढचंही तिला कळणारच, की ज्या दिवसांत तिला दिसू शकत होतं त्या दिवसांत मी चिखल घोटत बसलो होतो. डोळ्यांनी दगा दिला असं ती मानत होती. मुलाने दिला, हे कळून तिचं काय भलं होणार होतं? की मी स्वतःलाच वाचवत होतो? अजूनही मला नक्की सांगता येत नाही.

"त्यात माझी आय हाय ना रं?" तिने विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"आहे."

"तोंड कुनीकडं हाय तिचा?"

मी फोन उघडला. का उघडला, कुणास ठाऊक. पाठमोरी बाई, फळी, पाणी.

"आपल्याकडे," मी म्हणालो.

"आपल्याकडं बगते?"

"हो. हसतेय."

आईचा हात माझ्या मनगटावर होता, तो तसाच राहिला.

"माझी आय हसत नसं कुनासमोर," ती म्हणाली. "दात पुढं व्हते ना तिचे, लाजायची. तोंडावर पदर धरायची." मग तिने माझं मनगट हलकेच दाबलं. "नीट बगून सांग."